आईच्या दंडातली गाठ

मंडळी, आज मी आणि माझे वडील, आप्पा, आईला घेऊन दवाखान्यात गेलतो. आम्ही वडगावचे विणकर. आईच्या दंडात लिंबाएवढी गाठ आलेली. कापली तर हात मागावर चालायचा न्हाय, या भीतीनं ती पदराखाली लपवत होती. काल मी जवळ बसून विचारलं, तवा तिनं दाखवली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "आक्का, आज कापायचं न्हाय. बारीक सुईनं थोड्या पेशी काढून तपासू."

आईनं डोळे मिटले. चारचौघांत कधी तिच्याशेजारी न बसणाऱ्या आप्पांनी तिचा दुसरा हात घट्ट धरला.

"झालं," बाई म्हणाल्या.

"एवढंच व्हय?" आई हसली. आप्पांनी हात सोडला न्हाय.

संध्याकाळी रिपोर्ट आला. साधी चरबीची गाठ, कॅन्सर न्हाय. आप्पा परसात जाऊन एकटेच रडले.

तुमच्या घरातही कुणी असं दुखणं लपवतंय का? जवळ बसून विचारा की.