चिखलाचा राखणदार

चिखलावर निरपेक्ष प्रेम करणारा माणूस या जगात एकच झाला आणि तो आमच्या ताईचा थोरला दीर, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. म्हशींचंही चिखलावर प्रेम असतं, पण त्यांना त्यातून गारवा हवा असतो. भाऊंना चिखलाकडून काहीच नको होतं. घरातले सगळे त्यांना भाऊच म्हणत. ते वनखात्यात होते आणि नव्वदच्या दशकात निफाड तालुक्यातलं, गोदावरीच्या एका जुन्या बंधाऱ्यामागचं पक्षी अभयारण्य त्यांच्या ताब्यात होतं. बंधारा वर्षानुवर्षं गाळाने भरत गेला, पाणी उथळ झालं, लव्हाळी माजली आणि हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी तिथे उतरू लागले. म्हणजे पाटबंधारे खात्याच्या हिशेबी जे अपयश होतं, ते भाऊंचं साम्राज्य होतं. कुणी नुसतं ‘गाळ काढायला हवा’ म्हटलं, तरी आपल्या घराचा पाया खणायला निघालेल्या माणसाकडे पाहावं तसे ते त्याच्याकडे पाहत. ताईकडे जेवायला बसले की मला म्हणत, “मास्तर, त्या चिखलात काय नाही? अळ्या आहेत, गोगलगाई आहेत, जळवा आहेत...” आणि ताई मध्येच विचारी, “भाऊजी, आमटी वाढू का?”

पक्षी दचकू नयेत म्हणून ते कायम कुजबुजत बोलत. पुढे ती सवय अंगातच मुरली. नाशिकच्या भाजीबाजारात ते मेथीची जुडी अशा आवाजात मागत की माळीणबाई आधी चारही बाजूंना बघून घेई. “मोठ्यानं बोला की दादा, मेथीच मागताय ना?” स्कूटरचा हॉर्न त्यांनी काढून टाकला होता, त्यामुळे समोरचा माणूस आपण होऊन बाजूला होईपर्यंत ते शांतपणे त्याच्या मागून चालवत राहत. दिवाळीपासून होळीपर्यंतची लग्नं, मुंजी, वास्तुशांती त्यांनी कधी पाहिल्या नाहीत. आमंत्रण आलं की एकच उत्तर ठरलेलं: “पाहुणे आलेत ना.” वहिनी म्हणत, “माझ्या माहेरचे पाहुणे आले की मात्र यांना लगेच गस्त आठवते.” आणि पांढऱ्या रंगाशी तर त्यांचं उघड वैर होतं. पांढरे कपडे लांबून चमकतात आणि थवाच्या थवा उठून जातो, म्हणून अभयारण्यात पांढरं घालून यायला सक्त मनाई होती. बगळ्यांना तेवढी सूट होती.

आता महाराष्ट्रात पांढरा रंग सोडून वावरणं कुणाला परवडत नाही, हे वेगळं सांगायला नको. एका हिवाळ्यात एक फार मोठे पाहुणे यायचे ठरले. मंडप, सोफा, सनई, सगळी तयारी झाली. भाऊंनी सनई परत पाठवली, सोफा बांधाच्या अलीकडे अडवला आणि मोटारींतून एकामागून एक शुभ्र माणसं उतरताना पाहून चौकीतून घोंगड्यांचा गठ्ठा आणवला. “साहेब, एवढं पांघरून घ्या,” ते कुजबुजले. साहेबांच्या सचिवाला वाटलं, थंडीची काळजी घेताहेत. खरं कारण कळल्यावर तो पांढऱ्याचा लाल झाला. साहेब मात्र खेड्यातलेच होते. त्यांनी घोंगडं घेतलं, बांधावर फतकल मारून बसले आणि चमच्यासारख्या चोचीचे पक्षी तासभर बघत राहिले. “लय दिवसांनी असा गप बसलो बघा,” असंही म्हणाले. मी त्या दिवशी भाऊंबरोबर होतो. इतका चांगला सरकारी दौरा मी दुसरा पाहिला नाही.

घोटाळा दुसऱ्या दिवशी झाला. वर्तमानपत्रातल्या फोटोखाली साहेबांचं नाव मोठ्या अक्षरांत होतं, पण फोटोत नुसती ओळीने बसलेली घोंगडी दिसत होती. त्यातलं साहेबांचं कोणतं, हे सचिवालाही सांगता येईना. पुढच्या उन्हाळ्यात भाऊंची नाशिकच्या कचेरीत बदली झाली. काम होतं जप्त केलेल्या लाकडाच्या फायली सांभाळण्याचं.

त्यानंतरची कितीतरी वर्षं ते शहरात होते आणि नव्हतेही. अभयारण्य एस.टी.ने दुपारपर्यंत जाऊन येण्याइतकं जवळ होतं, पण ते एकदाही गेले नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “तिथे आता दुसरा माणूस आहे मास्तर. त्याला वाटेल, हा तपासायला आला.” थंडी सुरू झाली की संध्याकाळी माझ्या गच्चीवर येत. चहा घेत, आकाशाकडे बघत आणि द्राक्षांच्या छाटणीवर बोलत. दर उन्हाळ्यात बदल्यांचा हंगाम आला की एकच अर्ज करत: निवृत्तीआधी एक हिवाळा तिकडे द्या. वहिनी देवापुढे वेगळं काही मागत असतील, असं मला वाटत नाही. त्यांना तो माणूस असा घरात बघवत नव्हता.

शेवटच्या वर्षी अर्ज मंजूर झाला. भाऊ रुजू झाले आणि त्याच वर्षी पावसाने दगा दिला. बंधाऱ्यात उरलंसुरलं होतं तेही पिण्यासाठी खाली सोडावं लागलं. डिसेंबरात मी भेटायला गेलो, तर पाण्याच्या जागी नजर पोचेल तिथवर भेगाळलेला गाळ. भाऊ बांधावर उभे होते आणि शेजारच्या गावातले एक आबा त्यांच्याशी हुज्जत घालत होते. इतर धरणांत पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात पेरतात. आबांना तेच इथे करायचं होतं.

“साहेब, पाणी नाय, पाखरू नाय. हरभरा तरी टाकू द्या. आतली ओल हाय तवर उगवून येईल.”

“नाही आबा. आणखी काही मागा.”

“आणखी काय मागू? चिखल?” आबा हसले. “उगं कुणासाठी राखताय हे?”

“वरून जाताना एकदा बघतील तरी. नांगरलेलं दिसलं, तर पुढच्या साली इकडे वळायचे नाहीत.”

“म्हंजी येष्टीत रुमाल टाकून शिट धरायची अन् माणसाचा पत्त्या नाय, आसं झालं.”

“तसंच समजा,” भाऊ म्हणाले. आबांनी मान हलवली, तंबाखूची डबी पुढे केली आणि दोघं बराच वेळ त्या कोरड्या गाळाकडे बघत बसले. त्या हिवाळ्यात पक्षी आलेच नाहीत. मे महिन्यात भाऊ निवृत्त झाले. निरोप समारंभात शाल मिळाली, ती पांढरी होती.

पुढल्या वर्षी पाऊस उत्तम झाला. भाऊंना म्हटलं, आता तर तुम्ही मोकळे, चला. ते म्हणाले, “नको. नव्या माणसाला अवघडल्यासारखं होईल.” शेवटी मी एकटाच जाऊन आलो आणि परस्पर त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं आणि बाजूला झाल्या. भाऊ खुर्चीत ताठ बसले.

“आलेत,” मी म्हणालो.

“कुठे उतरलेत?”

“आबांना हरभरा पेरायचा होता ना, तिथेच. पाय ठेवायला जागा नाही.”

भाऊ उठले. कपाट उघडून उगाच दोन-तीन वस्तू इकडच्या तिकडे केल्या आणि बराच वेळ आमच्याकडे पाठ करून तिथेच उभे राहिले. वहिनींनी चहा आणला. तो त्यांच्यासमोर पार निवून गेला.