कामगार नसलेल्या मिलचे मुनीम

मिलमध्ये कुणाला लागलं, की कापगते मुनीम आधी नारळ मागवायचे. जखमी माणूस कुणाच्या तरी फटफटीवरून दवाखान्याकडे निघालेला असायचा आणि इकडे मुनीम चपला काढून मशीनसमोर हात जोडून उभे. नारळ फोडायचे, कुंकू लावायचे, मशीनला अर्धा दिवस सुट्टी द्यायचे. "मशीन कोपली का तिले शांत करा लागते, गुरुजी," असं मला समजावायचे. ज्याचा हात सापडला त्याला शांत करायचं काम संध्याकाळी, सवडीने.

सौंदडला आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, ते जवळच्याच एका राईस मिलचे मुनीम. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. शेटजी गोंदियाला राहायचे, आठवड्यातून एकदा गाडीतून यायचे आणि काच खाली न करता परत जायचे. मिल चालायची मुनीमांवर. शेटजींनी मशीनचा विमा काढला होता, धानाचा काढला होता, गोदामाचा काढला होता. भुसासुद्धा विम्यात होता. माणसांचा नव्हता, कारण मिलमध्ये कामगारच नव्हते. पोती वाहणारे होते, झाडणाऱ्या बाया होत्या, मशीनवर उभे राहणारे होते. फक्त कामगार तेवढा एकही नव्हता. "नाव लिवलं का कायदा मांगं लागते," मुनीम म्हणायचे. त्यामुळे पगार रोख, हातावर. त्यांनी स्वतःचंही नाव कुठे येऊ दिलं नव्हतं. इमानदारी म्हणतात ती हीच.

कायदा तसा सरळ आहे. कामावर असताना लागलं तर मालकाने भरपाई द्यायची. बरा होईपर्यंत अर्धा पगार, आणि हात किंवा पाय कायमचा अधू झाला तर एकरकमी पैसे. मुनीमांना हे वकिलाइतकं ठाऊक होतं, म्हणून ते कामावर कुणाला लागूच देत नसत. एकाला लागलं तेव्हा तो भावाचा डबा द्यायला आला होता. एका बाईचं डोकं फुटलं, ती घडीभर सावलीला बसली होती. सालेकशाकडून आलेल्या सुकरामच्या उजव्या हाताची तीन बोटं मशीनने नेली, तेव्हा मुनीमांनी लिहून दिलं, की तो आपली हरवलेली बकरी शोधत आत शिरला होता. सुकरामने खाली अंगठा दिला. अंगठा शाबूत होता, हे नशीब.

"मुनीमजी, सुकरामकडे बकरी कुठे आहे?" मी विचारलं.

"म्हनूनच तं शोधून राहिला होता," ते म्हणाले.

पुढे त्यांनी सुकरामला मिलमध्येच ठेवून घेतलं. भुसा झाडायचा, दोन वेळ जेवायचं. पगार नाही, कारण तो आता घरचाच माणूस. मला संताप यायचा. पण हाच माणूस माझ्या मुलीच्या लग्नात पाण्याच्या टँकरपासून पत्रावळींपर्यंत सगळं पाहत उन्हात उभा होता, हेही विसरता येत नाही. मला ते मनापासून आवडायचे आणि तितकाच त्यांचा रागही यायचा.

मग एके दिवशी पोत्यांची थप्पी मुनीमांवरच कोसळली. मांडीचं हाड मोडलं. सुकरामने त्या तसल्या हाताने पोती ओढून त्यांना बाहेर काढलं. शेटजी दवाखान्यात आले, डझनभर केळी ठेवली आणि डोळे पुसत म्हणाले, "मुनीमजी तो मेरे पिता समान हैं. बाप को कोई मुआवजा देता है क्या? बाप की तो सेवा करते हैं." सेवा केळ्यांपाशी संपली.

शेटजी गेल्यावर मुनीम कौतुकाने म्हणाले, "पाहा गुरुजी, कसा तयार झाला. माह्याच हाताखाली शिकला."

"कवतिक पुरे करा," त्यांच्या पत्नी लक्ष्मीवहिनी खाटेशेजारून म्हणाल्या. "पाय कोन देईन? तुमचा शेट?" डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुसरं ऑपरेशन झालं नाही तर हा पाय पुन्हा जमिनीला टेकायचा नाही. त्याला पैसा घरात नव्हता. वहिनींनीच वकील गाठला आणि दावा लावला.

शेटजींचं उत्तर आलं. मिलला मुनीमच नाही. कापगते नावाचे एक वडीलधारे गृहस्थ अधूनमधून चहाला येतात. थप्पी पडली त्या घटकेला मिलमधली झाडून सगळी माणसं एकदम लघवीला गेली होती. हा पाठ मुनीमांनीच या माणसांकडून घोटून घेतला होता, आणि आता नोकरीच्या भीतीने ती तो बिनचूक म्हणून दाखवत होती. राहिला एकटा सुकराम. त्याने मुनीम तिथे काम करायचे असं सांगताच शेटजींचे वकील उठले. म्हणाले, बकरी शोधत आलेल्या परक्या माणसाला मिलमध्ये कोण काम करतं हे काय ठाऊक? आणि त्यांनी मुनीमांनीच लिहिलेला जबाब पुढे केला.

आता एकच वाट होती. तो जबाब खोटा होता, हे मुनीमांनी स्वतः सांगायचं. त्यांचा वकील म्हणाला, "तुम्ही खोटारडे ठराल, मग तुमच्या दाव्यावरही कोण विश्वास ठेवेल?" पुढच्या तारखेला गोंदियाच्या गाडीत मुनीमांनी खर्ऱ्याची पुडीसुद्धा उघडली नाही.

कुबड्या टेकत ते उभे राहिले आणि म्हणाले, "सुकराम कामावर होता जी. बकरी मी टाकली."

शेटजींचे वकील खूश झाले. "म्हणजे तुम्ही खोटं लिहून देता?"

"देत होतो."

"कुणासाठी?"

"शेटजीसाठी."

"वा. आणि हे काय धर्मादाय करत होता?"

"नाही जी," मुनीम शांतपणे म्हणाले. "पगारावर. दर मयन्याले शेटजी माह्या हातावर द्याचे."

दावा ऐकणाऱ्या साहेबांनी मान वर केली. "वकीलसाहेब, हे लिहून घेतोय. आणखी काही विचारायचंय?"

वकीलसाहेब खाली बसले.

यथावकाश निकाल मुनीमांच्या बाजूने लागला आणि ऑपरेशन झालं. सुकरामचाही दावा उशिरा का होईना दाखल झाला, त्यालाही भरपाई मिळाली. मुनीम काठी घेऊन चालायला लागले आणि तसेच चालते-फिरते असताना गेल्या वर्षी गेले. लोक त्यांच्या त्या उत्तराची गोष्ट अजून रंगवून सांगतात. मला मात्र त्या दिवशीचा नंतरचा चहा आठवतो. कचेरीबाहेरच्या टपरीवर आम्ही तिघे बसलो होतो. मुनीमांनी बिस्किटाचा पुडा सुकरामपुढे सरकवला.

"सुकराम," ते म्हणाले, "मी तुयं एवढं वाईट केलं. तरी कायले आला गा साक्षीले?"

"पाह्यलं होतं न, मुनीमजी. तुमच्यावर पोते पडले, ते मी पाह्यलं."

"तुये बोटं गेले तवा मी बी तं पाह्यलं होतं."

"हव," सुकराम म्हणाला. "तुमी जवळच उभे होते."

आणि डाव्या हाताने त्याने बिस्किट चहात बुडवलं.