देवाला पूर्ण पत्ता

"देवाला पत्ता नीट सांगावा," असं म्हणून मावशी डोक्यावरून पदर ओढायच्या आणि डोळे मिटायच्या. नुसतं 'आजाऱ्यांना बरं कर' एवढ्यावर त्यांचं भागायचं नाही. "प्रभू, गिरणीसमोरची पिवळी बिल्डिंग, दुसरा मजला, जिन्यात मोडकी सायकल असते बघ, त्या घरातल्या आजोबांचा गुडघा. डावा हं, बापा."

मी एकदा विचारलं, "मावशी, देवाला ठाऊक नसतं का?"

"ठाऊक असतं गं. पोस्टमनलाही गल्ली ठाऊक असते, तरी आपण पाकिटावर लिहितोच ना?"

चर्चच्या मंडळीतली पोरं त्यांच्या प्रार्थनेत हसू दाबायची. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल. अशा बाईला काय सांगावं आणि काय नाही, हे तुम्हाला कळत असेल. मला कळलं नाही.

मी जालन्याकडची. आई अंथरुणाला खिळली तेव्हा आठवीतून शाळा सुटली, ती सुटलीच. पुढं आई गेली, धाकटी भावंडं मार्गी लागली आणि मी कामासाठी नाशिकला आले. ओळख म्हणाल तर गावच्या चर्चमधल्या पाळकांची एक चिठ्ठी. ती वाचून मावशींनी चर्चमागच्या गल्लीतली त्यांची मागची खोली मला दिली. जन्मभर त्यांनी दवाखान्यात आयाचं काम केलं होतं. इंदिरानगरच्या एका दवाखान्यातल्या हेडसिस्टर आमच्याच मंडळीतल्या. त्यांना मावशींनी शब्द दिला, "माझ्या घरची पोरगी समजा."

फॉर्मवर 'शिक्षण' अशी रेघ होती. मी लिहिलं, दहावी पास. गुणपत्रक मागितलं तेव्हा म्हटलं, गावाकडं आहे, आणते. ते आणते-आणते मी दोन वर्षं चालवलं. हेडसिस्टर समोरून येताना दिसल्या की मी दुसऱ्या दारानं वॉर्डात शिरायची.

मावशींचे उपकार मी नाकारणार नाही. डेंग्यू झाला तेव्हा आठ दिवस त्यांनी मला चमच्यानं पेज भरवली. थर्मामीटर कसं बघायचं ते मला फॉर्म भरून घेणाऱ्यांनी नाही, त्यांनी शिकवलं. त्या आजारातून मी उठले त्या दुपारी मावशी मेथी निवडत होत्या. इतकं प्रेम आपल्याला फुकट मिळतंय, या भीतीनंच मी बोलून गेले, "मावशी, मी दहावी नाही. आठवीसुद्धा अर्धीच."

त्यांचा हात मेथीच्या जुडीवर थांबला. मग पुढची काडी उचलून म्हणाल्या, "देवाकडं सरळ माणसं जातात कुठं? सगळी आपल्यासारखी वाकडीच. तो माफ करतो."

"कुणाला सांगू नका."

"माझ्या पोटात राहील."

बुधवारी आमची घरगुती प्रार्थनासभा असायची. बायका गंगेवरचा, म्हणजे गोदाकाठचा, बुधवारचा बाजार करून तशाच यायच्या, भिंतीशी भाजीच्या पिशव्यांची रांग लागायची. त्या बुधवारी सभा मावशींच्या घरी होती. हेडसिस्टर माझ्या समोर बसल्या होत्या. मावशींनी पदर ओढला. मीही डोळे मिटले.

"प्रभू, माझ्या मागच्या खोलीतली तुझी लेक. जालन्याकडची. आपल्या हेडसिस्टरांच्या दवाखान्यात, खालच्या वॉर्डात कामाला आहे ती. दहावी पास म्हणून लिहिलं तिनं, बापा, पण ती आठवीतून सुटलेली. तिचं हे खोटं तू पोटात घाल. तिला माफ कर."

सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं. सवयीनं मीही म्हटलं. डोळे उघडले तेव्हा हेडसिस्टर माझ्याकडं बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ओरडल्या नाहीत. "कागद नाही तर मला ठेवता येणार नाही गं," एवढंच म्हणाल्या आणि माझा ॲप्रन घडी करून मागितला.

मी घरी येऊन मावशींपुढं उभी राहिले. "तुम्ही सांगितलंत."

"मी कुठं सांगितलं? मी प्रार्थना केली."

"सगळ्यांसमोर!"

"देवासमोर. बाकीचे बसले होते."

त्या आठवड्यातच मी खोली सोडली. सिडकोत एका आजींना सांभाळायचं काम मिळालं. तिथं कुणी शिक्षण विचारलं नाही, तरी मी आपण होऊन सांगितलं, आठवी. आता लपवायला काही उरलं नव्हतं. राग मात्र उरला होता. परक्यानं केलं असतं तर मी विसरले असते. ज्या हातानं पेज भरवली त्याच हातानं पदर ओढून माझा पूर्ण पत्ता वाचून दाखवला, हे गळ्याखाली उतरत नव्हतं.

आमच्याकडं महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण. भाकरीच्या तुकड्यांचं तबक बाकाबाकावरून फिरतं. मनात कुणाशी वाकडं असेल तर आधी ते मिटवावं, मग हात पुढं करावा, असं आम्हाला लहानपणापासून शिकवतात. मी मागच्या बाकावर बसू लागले होते. तिथून दिसायचं, मावशींकडं तबक आलं की त्या ते तसंच शेजारणीकडं सरकवतात. पहिल्या महिन्यात, दुसऱ्यात, तिसऱ्यातही. ज्या बाईनं तापातसुद्धा एकही प्रभुभोजन चुकवलं नव्हतं, ती. बायका कुजबुजायला लागल्या. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

चौथ्या महिन्यात तबक माझ्यापाशी आलं आणि माझाच हात थांबला. चूक केलेली बाई तीन महिने उपाशी बसलीय आणि मी पोटात सगळा राग घेऊन दर वेळी तुकडा उचलतेय. मीही तबक पुढं सरकवलं.

उपासना सुटल्यावर आवारातल्या नळापाशी मावशींनी मला गाठलं. "सलाम," मंडळीत भेटल्यावर म्हणतात तसं त्या म्हणाल्या. "तू का नाही घेतलंस?"

"तुमच्यामुळं."

"बरं झालं. म्हणजे दोघी उपाशी." त्या हसल्या. मी हसले नाही. मग त्यांनी नळाच्या कठड्याला हात टेकला. "मी सांगितलंच गं. प्रार्थनेच्या पदराआडून सांगितलं. तुझ्यासाठी शब्द मी टाकला होता. उद्या खोटं उघडं पडलं तर म्हातारीही सामील होती म्हणतील, ही भीती वाटली. सरळ सिस्टरांकडं जायची हिंमत नव्हती. म्हणून देवाला मधे घातलं."

इतके महिने मला हेच त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. ऐकलं, तर आणखीच लागलं. तोवर वाटत होतं, भोळेपणानं केलं असेल.

"देवानं माफ केलंय मला," त्या म्हणाल्या, "त्याचं काम झालं. तुझं तुझ्याकडं राहिलंय."

मला 'केलं माफ' म्हणता आलं असतं. दोन शब्द. मी म्हटलं, "पुढच्या पहिल्या रविवारी बघू."

"बघू," त्या म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावरचा पदर सारखा करून गेल्या.

तो रविवार यायच्या नऊ दिवस आधी मावशी गेल्या. सकाळी चहाला आलं ठेचता ठेचता. मातीला मी गेले, मूठभर माती टाकली.

पहिल्या रविवारी मी त्यांच्या बाकावर जाऊन बसले. शेजारणीनं काही न विचारता जागा दिली. तबक दोन बाक पुढं होतं. मी डोक्यावरून पदर ओढला आणि आयुष्यात पहिल्यांदा नीट पत्ता सांगायला लागले. प्रभू, चर्चमागच्या गल्लीतली. चहात आलं जास्त टाकणारी. मला तापात पेज भरवणारी. माझी नोकरी घालवणारी. तीच ती, दुसरी नव्हे. आता कुठं राहते ते तुलाच ठाऊक. तिला सांग, मी आले होते.

तबक माझ्यापर्यंत आलं. मी तुकडा घेतला. उतरायला वेळ लागला.