मामींचं नवं पातं

मामींना कुणी "आता पुरे" म्हटलं, की त्या मुद्दाम आणखी थोडं करायच्या. स्वभावच तसला. नवऱ्याने छोटा ट्रॅक्टर घेतला तेव्हा सासरे म्हणाले, हे बायकांचं काम नाही. झालं! त्याच संध्याकाळी मामी किल्ली घेऊन ट्रॅक्टरवर बसल्या आणि कुंपण पाडून आल्या. दुसऱ्या दिवशी कुंपण स्वतःच उभं केलं आणि पुन्हा ट्रॅक्टरवर बसल्या.

पुढे नवरा गेला, मुलगा शिकून शहरात नोकरीला लागला, मामी मात्र ट्रॅक्टरवरच. कुणाची जागा सपाट करून दे, कुणाच्या अंगणात खडी पसर, पावसाने वस्तीचा कच्चा रस्ता धुपला की तो नीट कर, ही सगळी कामं त्यांचीच. वस्तीतले म्हातारेसुद्धा त्यांना मामी म्हणायचे. तुम्ही नेमक्या कुणाच्या मामी, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

गेल्या वर्षी त्या पायरीवरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. जुळलं, पण वाकडं. त्यात आता ट्रॅक्टरच्या मागचं, माती सारायचं लोखंडी पातं तडकलं. वेल्डरने ते इतक्यांदा जोडलं होतं, की या वेळी त्याने हातच जोडले. "मामी, यात आता लोखंड कमी आणि माझे टाके जास्त आहेत. नवं घ्या."

हे कळल्यावर मुलगा रजा टाकून आला. पातं घ्यायला नव्हे. "आई, पातं कसलं घेतेस? ट्रॅक्टरच देऊन टाकू. माझ्याकडे राहायला ये. वेगळी खोली आहे, आरामात बस."

"बसून काय करू? अंडी उबवू?"

शेवटी दोघंही अवजारांच्या दुकानात गेले, मामी ट्रॅक्टरवरून आणि मुलगा मागून गाडीने. ट्रॅक्टर विकत घ्याल का, असं त्याने दुकानदाराला आधीच विचारून ठेवलं होतं. तरी दुकानदाराने धंद्याला जागून एक लहानसं पातं पुढे केलं. "हे घ्या मावशी, हलकंफुलकं. तुम्हाला झेपेल असं."

मामींनी ते पायाने सरकवून पाहिलं. "हे जमिनीवरून नुसतं घसरत जाईल. मला माती कापायचीय, कुरवाळायची नाही. आणि हे तिरकं होत नाही. मग माती रस्त्याच्या कडेला सारायची कशी, फुंकर मारून?"

कोपऱ्यात एक जाडजूड पातं उभं होतं. मधली पिन काढली की ते हवं तसं तिरकं करता यायचं. रुंदीही चाकांच्या थोडी बाहेर जाणारी, म्हणजे आपल्याच चाकांचे ठसे मागे राहायला नकोत. मामींनी त्यावर हात ठेवला. "हे."

"आई, ते फिरवायला दोन माणसं लागतात," मुलगा वैतागला. "तू एकटीने तिरकं करून दाखव, मी पुन्हा एक शब्द बोलणार नाही. नाही जमलं, तर ट्रॅक्टर इथेच ठेवायचा आणि माझ्याबरोबर यायचं. कबूल?"

"कबूल!" मामी म्हणाल्या.

दुकानातल्या माणसांनी पातं ट्रॅक्टरला जोडून दिलं. मामींनी पिन उपसली, दोन्ही हात पात्याच्या टोकाला लावले आणि जोर केला. पातं ढिम्म. पुन्हा जोर केला. मनगटातून अशी कळ गेली, की डोळ्यांत पाणी आलं. मुलगा पुढे झाला आणि अगदी हळू म्हणाला, "झालं आई. चल आता." त्या हळू बोलण्याने त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"झालं कुठे? बाजूला हो!"

त्या ट्रॅक्टरवर चढल्या. पातं जमिनीवरून जरासं उचललं आणि ट्रॅक्टर हळूहळू मागे घेतला. आवारात एक लोखंडी खांब पुरलेला होता. पात्याचं एक टोक बरोबर त्याला टेकलं.

"अहो मावशी, माझा खांब!" दुकानदार किंचाळला.

"पडला तर नवा लावून देईन!"

आणखी थोडं मागे. पातं कुरकुरलं आणि खाडकन तिरकं झालं. मामी उतरल्या, पाहतात तर पिनेचं भोक बोटभर चुकलेलं. स्वतःला एक शिवी हासडून पुन्हा वर चढल्या, ट्रॅक्टर आणखी किंचित मागे घेतला, पुन्हा उतरल्या. डाव्या हाताने पिन घातली आणि वरून दणका दिला.

"हे काय? हाताने फिरवायचं होतं," मुलगा म्हणाला.

"असं कधी ठरलं? एकटीने म्हणालास. मी एकटीच तर होते!"

दुकानदार पोट धरून हसायला लागला. मुलगा हसला नाही. त्याचा चेहरा पार उतरला होता. "आई, त्या दिवशी तू पडल्याचा फोन आला, तेव्हा मी किती घाबरलो होतो, माहितीये? पुन्हा पडलीस तर?"

मामींचा आवाज खाली आला, पण मान नाही. "पडेन की. म्हातारी झालेय, पडणारच. तेव्हा उचलायला ये, मी मुळीच ओरडणार नाही. पण आत्ता उभी आहे ना मी? मग मला बसवायला येऊ नकोस."

मुलाने वाकून पिन नीट बसलीय का, ते हलवून पाहिलं.

दुकानदाराने डोळे पुसले. "मग साहेब, ट्रॅक्टरचं काय ठरलं?"

"मला काय विचारता?" मुलगा म्हणाला. "तिला विचारा. तिचा आहे."