गुलाबांची हजामत

मुलाने दुकानातून सक्तीने घरी बसवल्यापासून म्हातारा न्हावी नुसता फेऱ्या घालत होता. वस्तरा धरताना हात थरथरतो, एवढंच कारण. जेवण निम्म्यावर आलं, झोप उडाली आणि स्वयंपाकघरात नाक खुपसायची सवय मात्र वाढली. बायको वैतागली. थंडी सरली तशी तिने छाटणीची कात्री त्याच्या हातात कोंबली.

"माझ्या गुलाबांचे वाळके शेंडे काढा. शेंडेच हं!"

परसात भिंतीलगत गुलाबाच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या होत्या. न्हाव्याने पहिल्या कुंडीला जुनं फडकं गुंडाळलं, फवाऱ्याने पाणी मारलं आणि सवयीने विचारलं, "बारीक की मध्यम?"

गिऱ्हाईक गप्प. डावीकडून जरा जास्त गेलं, म्हणून उजवीकडून सारखं केलं. मग उजवीकडून जास्त गेलं, म्हणून पुन्हा डावीकडून. जन्मभर त्याने चुका अशाच निस्तरल्या होत्या. दुजाभाव नको, म्हणून बाकीचे गुलाबही त्याच मापात आणले.

बायको बाहेर आली तेव्हा कुंड्यांत वीतभर खुंट उभे होते.

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

"उन्हाळ्यात मोकळं वाटेल त्यांना."

"फुटले नाहीत ना, तर परसात पाऊल टाकायचं नाही! आणि तोवर गुलाबांना बोटही लावायचं नाही."

दुकान गेलं होतंच. परसही गेलं तर उरला तो पलंग. न्हाव्याने चांगलाच धसका घेतला. गुलाब सोडून बाकी सगळ्यांशी तो गोड वागू लागला. वाफे खणले, तण उपटलं, मातीत पालापाचोळ्याचं खत मिसळलं, रिकाम्या कुंड्या घासून उन्हात ठेवल्या. मधूनच लांबून खुंटांकडे बघून सुस्कारा टाकायचा. संध्याकाळी ताट चाटूनपुसून जो आडवा व्हायचा, तो असा घोरायचा की शेजारीण भिंत ठोकायची. हात अजूनही थरथरायचाच, पण मातीची काही तक्रार नव्हती.

एका सकाळी खुरपं हातातून निसटून गुलाबांच्या मागे पडलं. तो काढायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. भिंतीकडच्या बाजूने प्रत्येक खुंटाला तांबूस कोंब आले होते. काही तर बोटभर.

"अगं, फुटलेत की! पण सगळे भिंतीकडे तोंड करून कसे?"

"मी फिरवल्या कुंड्या," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "आठवडा झाला."

"आणि माझा जीव टांगणीला लावलास?"

"सांगितलं असतं तर वाफे कोणी खणले असते? शिवाय तुम्ही घोरायला लागलात. किती दिवसांनी ऐकलं मी ते!"

न्हाव्याला रागवायचं होतं, पण हसूच आधी आलं. "म्हणजे परस माझं?"

"कुंपणाची झुडपं छाटायची राहिलीत. पण मी समोर स्टूल टाकून बसणार. कुठे थांबायचं ते मी सांगेन."

"आणि शेजारणीकडची बाजू?"

शेजारीण ठोकायची त्या भिंतीकडे बायकोने एकदा पाहिलं.

"ती करा तुमच्या मनासारखी."