फौंड्रीतली कराटीण

कामाला हात लावायच्या आदी ती उजव्या हाताची मूठ डाव्या पंजावर टेकवायची, कमरंत वाकायची आन् वाळूच्या ढिगाला म्हणायची, "ये. हाय मी." मगच पदर खोचायची. आमी बाया हसायचो. तिला त्येचं काय न्हाई. "हसा की, ढीग तरी हसत न्हाई न्हवं," म्हणायची.

शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत आमी दोघी कोर काढायला हुतो. लोखंडाच्या जिनसाला आतनं पोकळी लागती. त्या पोकळीच्या मापाचा वाळूचा गड्डा म्हंजी कोर. साच्यात वाळू ठोकायची, हळूच उपडी करायची, भट्टीत भाजायची. लोखंड ओतून झालं की आमची वाळू फोडून टाकत्यात. दिवसभर केलेल्याचा भुगा. नखात वाळू, डोळ्यात वाळू, भाकरीत वाळू. माझा नवरा लवकर गेला, तिचाबी गेला. त्येचं काय सांगायचं. तितल्या निम्म्या बाया तसल्याच हुत्या.

ती कुरुंदवाडाकडची. तिकडं थोरल्या भनीला अक्का म्हणत्यात, म्हणून मी तिची अक्का. तिला मात्र समदी फौंड्री कराटीण म्हणायची. कारण तिला चिनी मारामारीच्या पिक्चरचं याड. माणूस भिताडावर पळतोय, एका टांगंत धाजणं लोळवतोय, तसलं पिक्चर. तुमच्याबी गल्लीत असलं कोनतरी याड घेतलेलं माणूस असंल की. पर ते पोरगं असतंय. ही नातवाची आज्जी.

सोमवारी कारखान्याला सुट्टी. तिनं कवा लुगडी धुतली न्हाईत का डोक्याला तेल घातलं न्हाई त्या दिवशी. स्टँडाजवळच्या टाकीजला जायचं, दुपारच्या खेळाला. एकटी बाई कशी जाणार, म्हणून मला वडून न्यायची. पयल्यांदा गेलतो तवा दारावरचा माणूस म्हणाला, "मावशी, चुकलासा. देवाचं पिक्चर पल्याडच्या टाकीजला हाय."

ती म्हणाली, "ह्यो उडतोय का न्हाई?"

"उडतोय की."

"मग झालं तर. सोड आत."

आत समदी पोरं. शिट्ट्या, शेंगांची फोलकटं. आमी दोघी कडंच्या खुर्चीवर, पदर घट्ट वडून. मला काय कळायचं न्हाई. मी पंख्याखाली डोळा लावायचो. ती मात्र जाग्यावर खुर्ची धरून बसायची, आन् हिरो वर गेला की तिची टाच जमिनीवरनं सुटायची. खरं सांगतो, तिचा गुडघा माझ्या मांडीला लागायचा.

एकदा फौंड्रीतला सुपरवायझर चेष्टा करायला आला. "ओ कराटीणबाई, त्यास्नी वरनं दोरीनं बांधत्यात. खोटं असतंय समदं."

समद्या बाया हिच्याकडं बगायला लागल्या. हिनं हातातला कोर खाली ठेवला.

"बांधत असतील की सायेब. मग एक दोरी आणा, मला बांधा. बगू तुमी किती उडवतायसा."

त्यो गेला. ती परत ठोकायला लागली. सांजच्याला गाडीत बसल्यावर म्हणाली, "अक्का, तुला वाटतं मला कळत न्हाई? मला बी कळतंय की गं."

"मग का बगतीस?"

गाडी पंचगंगंच्या पुलावर आली तवा बोलली. ल्हान असताना वीटभट्टीवर कामाला हुती. डोक्यावर विटा, वर बगता यायचं न्हाई, मान मोडती. मग उरसात पिक्चरचा तंबू आला. मामानं आत बसवलं. "आन् अक्का, तितं एक माणूस जमिनीवरनं सुटला. नुस्ता सुटला. मला तवर म्हाईतच नव्हतं असं बी काय असतंय. पडलो, आपटलो, दबलो, समदं म्हाईत हुतं. सुटायचं म्हाईत नव्हतं."

एवढंच बोलली. मग उतरून कोथिंबीर घ्यायला गेली.

पुढं टाकीज बंद पडलं. आमचंबी काम सुटलं, वय झालं. तिच्या ल्योकानं तिला मोबाईल दिला. त्यात तसली पिक्चरं पायजे तेवडी. मी तिच्याकडं गेलो की सून म्हणायची, "बगा मावशी, सासूबाई आमच्या चीनला गेल्या." ती हसायची. पर मी बगितलं, मोबाईल पयल्यांदा मांडीवर असायचा, मग छातीशी आला, मग नाकाला टेकायला लागला.

साखर हुती तिला. डाक्टर म्हणाला डोळ्याच्या मागची नस सुकली, आता जे हाय तेबी ऱ्हाणार न्हाई. भाकरी चाचपून करता येती, वाट चाचपून चालता येती. त्येचं तिला काय वाटलं न्हाई. मला म्हणाली, "अक्का, पिक्चर कसं चाचपायचं?"

तिला रडताना मी कवा बगितलं नव्हतं. तवाबी रडली न्हाई. मोबाईल माझ्या हातात दिला. "तू बग. आन् मला सांग."

आता मी ह्या कामाची न्हवं. टाकीजात झोपलेली बाई मी. पयल्या दिवशी सांगायला लागलो, "एक खानावळ हाय. मेजं मांडल्यात. मागं एक म्हातारी भांडी घासतीया. गुडघं दुखत असत्यात तिचं, बसल्याली बरूबर न्हाई."

"बरं. हिरो?"

"आला. मेज मोडलं. दुसरंबी मोडलं. भात सांडला समदा. आता ह्ये कोन काढणार? म्हातारीच की."

"अक्का! म्हातारी सोड! मारामारी सांग!"

सून भाईर पोट धरून हसाय लागली.

पर रोज दुपारी बसून बसून जमाय लागलं. मला आपली भाषा सापडली. मी म्हणायचो, गोमाशी चावल्यावर म्हस शेपूट फिरवती तशी काठी फिरवतोय. भट्टीचं तोंड उघडल्यावर ठिणग्या येत्यात तशी माणसं भाईर पडल्यात. ती डोळं मिटून ऐकायची आन् मांडीवर तिची बोटं हलायची. मधीच म्हणायची, "डावीकडनं येतोय बग त्यो." आन् खरंच डावीकडनं यायचा. तिनं ते पिक्चर कवातरी बगितलेलं असायचं. पर मला तसं सांगायची न्हाई. मला वाटायचं, हिला आतनं दिसतंय.

मग किडनीनं धरलं. अंथरुणाला लागली. बोलणं बारीक झालं. थंडीचं दिस हुतं, दारातनं ऊन पार तिच्या पायापतुर यायचं, आन् पलीकडं रानात ऊस तुऱ्याला आलता. मी उशाला बसून सांगत हुतो. हिरो एकटा पडलाय, मागं पन्नासजण लागल्यात, पुढं कडा. त्यानं उडी घेतली आन् मोबाईल इझला. चार्जिंग संपलं.

तिनं वाट बगत तोंड माझ्याकडं केलं.

उठून वायर लावावी तर हिचा हात माझ्या हातात. मी म्हणलं, सुटला बग. कड्यावरनं सुटला. खाली पडंना. वारा आलाय त्येच्या अंगरख्यात. मागची समदी कड्यावर उभी, वर बगत्यात. आता त्यो रानावर आला. पाय टेकतोय, न टेकल्यावानी, उसाच्या तुऱ्यावरनं. तुरा वाकतोय, परत उभा ऱ्हातोय. ह्या तुऱ्यावरनं त्या तुऱ्यावर. पांढरं समदं, पार नदीपतुर.

तिच्या ओठाला हसू आलं.

"अक्का, चीनमधी ऊस कुटला गं?"

धरली की मला. मोबाईल इझल्यालं कवाच कळलं हुतं तिला, का आताच कळलं, कोन जाणे.

तिनं माझा हात दाबला. "थांबू नगंस. जाऊ दे त्येला. इतक्यात खाली उतरवू नगंस."

मग मी सांगत बसलो. नदी आली, म्हणलं, पाण्यावरनं चाललाय. गावं मागं पडली. ऊन पायावरनं उंबऱ्याकडं सरकलं. बोटं हलायची थांबली तरी मी सांगत हुतो. सून च्या घेऊन आली, तिनं बगितलं आन् कप खाली ठेवला. मला म्हणाली, "मावशी, ऱ्हाऊ द्या आता."

पर तिनं उतरवू नगं म्हणलं हुतं. मी अजून उतरवला न्हाई. थंडीत रानात तुरं हलत्यात, मी दारात बसून बगतो. त्यो हाय वर. चाललाय.