बाहुलीचे पाय

इस्त्रीवालीच्या घराला दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल आणि इस्त्री, मागच्या खोलीत बाकीचा सगळा संसार. मोठा मुलगा जाऊन काही वर्षं झाली होती, पण त्याचं कण्हणं काही घर सोडून गेलं नव्हतं. टेबलाचा पाय कुरकुरला, नळातून नुसती हवा आली, की हिचे हात जागच्या जागी थांबायचे. "आले रे, बाळा," असं तोंडातून निघून जायचं. मग कानांवर हात ठेवून ती थोडा वेळ उभी राहायची आणि पुन्हा कामाला लागायची.

त्याला सिकलसेल होता. धाकटीलाही तोच. या आजारात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकून बसतात आणि हाडांत अशा कळा येतात की मोठ्या माणसांनाही रडू आवरत नाही. आजार येतो आईबापांकडूनच, त्यांना स्वतःला काही होत नसलं तरी. इस्त्रीवाली धडधाकट, नवरा ट्रकवर ओझी उचलणारा. "दोघांनी मिळून पोरांना एवढंच काय ते दिलं," असं ती म्हणायची आणि वर हसायची. ते हसणं बघवत नसे.

धाकटीला सगळे भिंगरी म्हणत, कारण बरी असली की ती एका जागी टिकायची नाही. आई तिला डोळ्यांत तेल घालून जपायची. पाणी पाजायचं, पाय गार पडू द्यायचे नाहीत. कळ आली की गोळी द्यायची आणि इस्त्री फिरवलेलं ऊनऊन फडकं पायांवर टाकायचं. तेवढ्यानं भागलं नाही, किंवा ताप चढला, तर मात्र सरळ इस्पितळ गाठायचं.

मग साथ आली. नवरा परगावी अडकून पडला. माणसं घरात बसली, आणि घरात बसलेल्या माणसाला कडक कॉलर हवी कशाला? कपडे येईनासे झाले. समोरच्या शिंपिणीशी खिडकीतून दोन शब्द व्हायचे, तेवढंच बोलणं.

"पोरीला इस्पितळात नेऊ नकोस हं," शिंपीण एकदा म्हणाली. "चांगली चालती माणसं आत जातायत नि बाहेर येत नाहीयेत."

"नाव नको काढूस. एक तिथेच ठेवून आलेय. हिलाही न्यावं लागलं, तर मी नाही जगायची."

भिंगरी मागे बसून बाहुलीचे केस विंचरत होती.

त्यानंतर तिला कळ आली नाही. "दुखतंय का ग?" विचारलं की "नाही." गोळीची पाकिटं होती तशी राहिली. एवढ्या वाईट दिवसांत एवढं तरी बरं चाललंय, म्हणून इस्त्रीवालीला हायसं वाटलं. आजारी पडली ती फक्त बाहुली.

"आई, हिचे पाय दुखतायत. फडकं गरम करून दे ना."

"तुझी बाहुली माझ्या सासूच्या वरताण आहे बाई. उठल्याबसल्या शेक हवा हिला." पण फडकं ती द्यायची. रिकामी पडलेली इस्त्री तेवढ्यासाठी तरी तापायची.

एक गोष्ट मात्र तिनं शिंपिणीलाही सांगितली नाही. गल्ली ओस पडल्यापासून मुलाचं कण्हणं वाढलं होतं. आधी ते मधूनच यायचं, आता रोज, भर दुपारी, मागच्या खोलीतून, दबलेलं. आपलं डोकं फिरत चाललंय, असं तिला वाटायचं. ती कान दाबून धरायची आणि पुटपुटायची, "जा रे राजा, आता तरी जा."

एका दुपारी भिंगरी फडकं न्यायला आली नाही, म्हणून ते घेऊन आई स्वतःच मागे गेली. बाहुली खिडकीत बसलेली होती. भिंगरी अंथरुणात होती. मघाचं गार झालेलं फडकं तिच्या स्वतःच्या गुडघ्यांवर, गोधडीचं टोक तोंडात कोंबलेलं, आणि कण्हणं त्या गोधडीतून येत होतं. अंग तव्यासारखं भाजत होतं, ओठ पांढरे फटक.

"मला नेऊ नकोस," ती म्हणाली. "तू मरशील."

इस्त्रीवालीनं हातातलं फडकं तिथेच टाकलं. चादरीनं पोरीला पाठीला बांधून ती रस्त्यावर आली. कोपऱ्यावरच्या पोलिसानं काठी आडवी धरली, पोरीचा चेहरा पाहिला आणि काठी खाली घेतली.

इस्पितळात डॉक्टरांनी ऑक्सिजन दिला, सलाइन लावलं, रक्त चढवायला घेतलं. मास्क आणि चष्म्याआड चेहरा हरवलेली नर्स म्हणाली, "आजार छातीत पसरायला लागलाय. पण वेळेत आणलंत, वाचेल ती." आणि मग कागद पुढे ओढून तिनं सहज विचारलं, "पण एवढं दुखत होतं, तर पोरगी कण्हत असणार. घरात कुणालाच ऐकू आलं नाही?"

"आलं ना," इस्त्रीवाली म्हणाली. "रोज यायचं. मी तिला जा म्हणायचे."